खिद्रापूरच्या सहलीत वही-पेन्सिल असू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या खिद्रापूरला कोपेश्वराच्या देवळात गेले होते. शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवली, त्यामुळे तिथे गेलं की वही काढून बसायची सवय. बाहेरच्या भिंतीशी सावली धरून बसले असताना एका शाळेची सहल आली. मुलं रांगेनं स्वर्गमंडपात, म्हणजे वरून उघड्या मंडपात गेली, मधल्या गोल शिळेभोवती उभी राहिली, सगळ्यांनी वर पाहिलं, फोटो निघाला. गाभाऱ्यात दर्शन झालं आणि शिट्टी वाजली. वीस मिनिटांत बस नरसोबाच्या वाडीच्या रस्त्याला लागलीसुद्धा.

फोटो काढू नयेत असं मी म्हणणार नाही. तेरा फुटांचं ते गोल उघडं छत आणि त्याखालचे बारा खांब पाहून मोठी माणसंही गप्प होतात. पण मुलांना तेवढंच दाखवून परत नेलं, याचं फार वाईट वाटलं. शंकराच्या देवळात नंदी का नाही, गाभाऱ्यात कोपेश्वराशेजारी धोपेश्वर म्हणून विष्णू कसा, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. सतीबरोबर नंदीही माहेरी गेला, ही गोष्ट ऐकायला पाच मिनिटं लागतात. तो नंदी कर्नाटकातल्या यडूरला आहे, असं आमच्याकडे सांगतात. दक्षिण दरवाजाजवळ यादव राजा सिंघणाचा शिलालेख आहे. त्यातली अक्षरं देवनागरी, म्हणजे आठशे वर्षांपूर्वीचं आपलं ‘क’ आणि ‘म’ कसं दिसायचं ते मुलांना बोट न लावता ओळखता आलं असतं.

आणि हत्ती! देवळाचा सगळा भार पाठीवर घेतल्यासारखे ते भोवतीनं उभे आहेत, ब्याण्णव मोजतात. बहुतेकांच्या सोंडा तुटल्यात. मी काढत होते त्याचीही सोंड नव्हती, पण गळ्यातल्या माळेचा मणी न् मणी शाबूत होता. सहलीतला एक मुलगा मागे येऊन उभा राहिला. म्हणाला, “बाई, ह्याच्या पायात तोडा आहे, तुम्ही काढलाच नाही.” खरंच राहिला होता. मी पेन्सिल त्याच्या हातात दिली. त्यानं खाली बसून दोन रेघा मारल्या आणि तेवढ्यात शिट्टी झाली.

या देवळाला १९५४ पासून संरक्षित स्मारकाचा दर्जा आहे. २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी आत शिरलं होतं. या दगडांची काळजी उद्या याच मुलांना घ्यायची आहे आणि त्यासाठी आधी ओळख व्हायला हवी.

दिवाळीनंतर सहली ठरतील. शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. वाडीचं दर्शन आणि दुपारचं जेवण यांच्या मधे खिद्रापूर कोंबू नका, निदान दीड तास ठेवा. सकाळी नऊच्या आत पोचलात तर दगड तापलेला नसतो, मुलांना खाली बसता येतं. प्रत्येकाला एक कोरा कागद, एक पेन्सिल द्या आणि ज्याचा त्याला हत्ती निवडू द्या. गावातली जाणती मंडळी आपणहून माहिती सांगतात, त्यांना हाक मारा. जवळच जुनं जैन मंदिर आहे, तेही चुकवू नका.

आपली नम्र,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका,
इचलकरंजी