कातडी न विकणाऱ्या मावशींना

मावशी, स. न.

भाजलेल्या जागी माशाची कातडी लावतात हे मोबाइलवर बघून तुमच्या मासळीच्या पाटीवर गिऱ्हाईक येतं आणि चिलापीची कातडी मागतं. तुम्ही सरळ सांगता, "मासा न्या, कातडी नाही मिळायची. दवाखान्यात जा." बडोद्यात घरोघरी जाऊन ड्रेसिंग करणाऱ्या आम्हा परिचारिकांकडून त्या नकाराबद्दल तुमचे मनापासून आभार.

ते व्हिडिओ खोटे नाहीत, अर्धवट आहेत. ब्राझीलमध्ये चिलापीची कातडी खरवडून मांसाचा कण न् कण काढतात, क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने धुतात, ग्लिसरॉलच्या चढत्या तीव्रतेच्या द्रावणांत ठेवतात आणि शेवटी गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. मग ती जखमेला चिकटून बसते, ओल टिकवते, आणि रोजची पट्टी सोलायची कटकट वाचते. भाजलेल्या माणसाला खरी धास्ती त्या सोलण्याचीच असते. तुमच्या सुरीखालच्या ताज्या कातडीवर मात्र एरोमोनाससारखे जंतू असतात. हळद-मीठ चोळून ते मरत नाहीत, आणि भाजलेल्या अंगावर त्यांना अडवायला चामडीच उरलेली नसते. कॉड माशाच्या यकृताच्या तेलाची (कॉड लिव्हर ऑइलची) कॅप्सूल टोचून उघड्या जखमेत तेल सोडणारेही भेटतात. तेही नकोच, ते तेल निर्जंतुक नसतं. झिंक ऑक्साइड घातलेलं त्याचं मलम बाळाच्या लंगोटाच्या पुरळावर चालतं, खोल जखमेत नाही.

दुसरे आभार तुम्ही विकता त्या मरळ माशासाठी. मासे खाल्ले की टाके पिकतात, ही समजूत रावपुऱ्यापासून दांडिया बाजारापर्यंत घट्ट आहे. टाके पिकतात ते जंतूंनी. रक्तातली साखर चढलेली असेल तर लवकर. मलेशिया-इंडोनेशियात तर बाळंतिणीला आणि ऑपरेशन झालेल्याला मुद्दाम मरळच देतात. तुम्ही ती जिवंत देता, साफ करून देता, पुढची चूक घरात होते. अर्धा किलो मरळीला पाऊण लिटर पाणी, बोटाच्या पेराएवढं आलं, सहा-सात मिरे, बेताचं मीठ. मंद आचेवर अर्धा तास. खळखळून उकळलं की वर पांढऱ्या गुठळ्या येतात आणि बायका त्या मळी समजून काढून टाकतात. ती प्रथिनं असतात! वर कढ तेवढा रोग्याला आणि मांस बाकीच्यांना, हा तर उलटाच न्याय. शंभर ग्रॅम मांसात १८-२० ग्रॅम प्रथिनं असतात, कढात त्यातलं थोडंच उतरतं. काटे काढून मांस रोग्यालाच द्यावं. लिंबू भांडं उतरवल्यावर पिळावं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.

आता तुमच्या हातांविषयी. शिंगाळ्याचा काटा लागला तर मोडलेला तुकडा आत राहिलाय का बघा, हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा. उष्णतेने त्याचं विष निकामी होतं. ठणक्याने बधिर झालेल्या हाताला पाणी किती कढत आहे ते कळत नाही, म्हणून दुसऱ्या हाताने तपासा. मग साबणाने धुवा, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते बघा. काही आठवड्यांनी तिथे न दुखणारी गाठ आली आणि हटेना, तर डॉक्टरांना पहिल्यांदा "मी मासे कापते" हे सांगा. माशांकडून येणारा क्षयाच्या जातीतला एक जंतू नेहमीच्या गोळ्यांना दाद देत नाही, आणि धंदा कळल्याशिवाय तो सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही.

आपल्या,
घरोघरी ड्रेसिंग करणाऱ्या परिचारिका, बडोदे