राख विटेत जाण्यापूर्वी

महोदय,

उद्यमनगरातील आमच्या कारखान्याच्या कुंपणाची भिंत गेल्या आठवड्यात राखेच्या विटांनी बांधून घेतली. विटा उतरवणाऱ्यांच्या कोपरापर्यंत चिकटलेली ती मऊ, करडी भुकटी म्हणजे वीजकेंद्रात जळलेल्या कोळशाची राख. कोळसा जळला तरी त्यातील निओडिमियम, डिस्प्रोशियम, यट्रियम ही दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये जळत नाहीत, ती राखेतच उरतात. विजेवरील वाहनांच्या मोटारींतील चुंबकांना यांतील पहिली दोन लागतात, आणि एप्रिल 2025 मध्ये चीनने अशा सात मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातल्यापासून राखेतून जणू सोनेच निघणार, अशा थाटात बोलले जाऊ लागले आहे.

वस्तुस्थिती थोडी रुक्ष आहे. आपल्या कोळशात राखच 30 ते 45 टक्के असल्याने राखेतील या मूलद्रव्यांचे प्रमाण मूळ कोळशाच्या फार तर दोन-तीन पट होते, म्हणजे टनामागे काही शे ग्रॅम. शिवाय त्यांतील बराचसा भाग काचेसारख्या सूक्ष्म कणांत अडकलेला असल्याने तो सोडवण्यासाठी तीव्र अल्कली किंवा आम्ल वापरावे लागते. त्या सांडपाण्याचे काय करायचे, हा प्रश्न पंचगंगा रोज पाहणाऱ्या कोल्हापूरकरांना समजावून सांगावा लागत नाही.

तरीही चंद्रपूर, कोराडी येथील वीजकेंद्रांच्या राखेची वीजसंचनिहाय तपासणी करून आकडे जाहीर करावेत आणि सरस राख वेगळी साठवावी, कारण ती एकदा सिमेंटमध्ये मिसळली की परत मिळत नाही.

– एक लघुउद्योजक, कोल्हापूर