फोंड्याच्या मित्राला, किक स्कूटरबद्दल

पणजी,
त्रिपुरारी पौर्णिमा

प्रिय सुहास,

फोनवर बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून लिहायलाच बसलो. तुझा प्रश्न असा: फोंड्याहून शटलनं, म्हणजे मध्ये न थांबणाऱ्या बसनं, पणजीच्या कदंब बसस्टँडवर उतरल्यावर कांपालच्या ऑफिसात रोज जायचं कसं, आणि पन्नाशीच्या माणसानं त्यासाठी पायानं ढकलायची स्कूटर घ्यावी का? घ्यावी. अगदी मनापासून सांगतो, घ्यावी. पण कुठली, हे मात्र नीट ठरवून घे.

स्टँड ते कांपाल अडीच-तीन किलोमीटर. चाललास तर अर्ध्या तासाच्या वर जातो आणि नोव्हेंबरातसुद्धा शर्ट भिजतो. पायलट, म्हणजे मोटारसायकल टॅक्सी, रोज परवडत नाही. घरून दुचाकी आणायची तर बाणस्तारी, भोमची गर्दी आणि वर पणजीत पार्किंगची शोधाशोध. असल्या अधल्यामधल्या अंतरासाठीच ही घडीची स्कूटर जन्माला आली, हे तुला ठाऊक आहे का? झुरिकच्या विम औबोटर या गृहस्थाला सॉसेज खायला आवडत्या दुकानात जायचं असे. चालत जायला लांब, गाडी काढायला जवळ. १९९०च्या दशकात त्यानं त्या अंतरासाठी स्कूटर बनवली आणि २०००च्या सुमारास तिचं वेड जगभर पसरलं. मुलांनी ती नंतर उचलली. गरज मुळात एका मोठ्या माणसाची होती. त्यामुळे ‘हे पोरांचं’ असं कोणी म्हणालं तर मनावर घेऊ नकोस. मलाही सुरुवातीला रस्त्यात थांबवून ‘किदें रे हें?’ विचारायचे. आता तेच लोक हात करतात.

आता निवड. सगळ्यात आधी चाक बघ, रंग आणि बाकी सजावट नंतर. मुलांच्या स्कूटरचं चाक १००-१२५ मिलिमीटरचं असतं. ते पेव्हरच्या फटीत, गटाराच्या जाळीत अडकतं, आणि पुढचं चाक अडलं की माणूस हँडलवरून पुढे जातो. तुला २०० मिलिमीटरच्या खालचं काही नको. थोडं मोठं मिळालं तर उत्तम. चाक जेवढं मोठं, तेवढा अडथळा त्याला खालून भेटतो आणि ते वर चढून जातं. ही चाकं पॉलियुरेथेनची, म्हणजे भरीव. पंक्चरची कटकट नाही, पण खडबडीत डांबरावर हातापायांना झिणझिण्या येतात. जरा मऊ चाक असलं तर त्या कमी होतात. चाकावर ८२ए, ८५ए असं काही लिहिलेलं असतं. आकडा लहान तितकं चाक मऊ. स्प्रिंगा लावलेल्याही मिळतात. त्यांनी थरथर थोडी कमी होते, खड्डा काही पचत नाही, आणि वजन वाढतं. मी असतो तर त्यावर पैसे घातले नसते.

हवेच्या टायरची, १२ इंच किंवा त्याहून मोठ्या चाकाची स्कूटर जांभ्याच्या खडीवरून सुखानं जाते हे खरं. पण ती आठ-दहा किलोची धूड होते आणि शटलमध्ये मांडीजवळ मावत नाही. उद्या पणजीजवळ ताळगावला बिऱ्हाड केलंस आणि बसची गरज उरली नाही, तर माझा सल्ला बदलेल. आज नाही.

दुसरी गोष्ट उभं राहायच्या फळीची उंची. दुकानदार हे सांगत नाहीत आणि गिऱ्हाईक विचारत नाही, पण तुझ्या गुडघ्यांचा सगळा हिशोब तिथेच आहे. तू डाव्या पायावर उभा राहून उजव्यानं ढकलतोस, तेव्हा उजवा पाय जमिनीला टेकावा म्हणून डावा गुडघा दर वेळी फळीच्या उंचीएवढा वाकतो. कांपालपर्यंत हे शेकडो वेळा होतं. एका सेंटिमीटरचा फरक दुकानात जाणवत नाही, अर्धा रस्ता गेल्यावर मांडीला जाणवतो. म्हणून टेप घेऊन जा आणि जमिनीपासून फळीच्या वरच्या पृष्ठापर्यंत मोज. आठ-नऊ सेंटिमीटरच्या आत मिळाली तर सोडू नकोस. फार खाली असलेली फळी मात्र आपल्याकडच्या गतिरोधकावर घासते. तिथे उतरून ढकलत न्यायची, त्यात काही कमीपणा नाही. रंबलर, म्हणजे रस्त्यावरच्या उंचवट्याच्या आडव्या पट्ट्या, आले तरी तेच कर.

हँडल कंबरेच्या जरा वर यावं. वाकून धरावं लागलं तर पाठ धरते. वजनाची मर्यादा बहुतेक मोठ्यांच्या स्कूटरवर १०० किलो लिहिलेली असते. त्यात तुझी ऑफिसची बॅग आणि वहिनींचा डबाही धर. स्कूटर स्वतः पाच-सहा किलोची असली तर बसच्या पायऱ्या चढताना उचलवते. घडी उघडून खटका लावल्यावर हँडल मागेपुढे हलवून बघ. नव्या स्कूटरचं हँडल खडखडलं तर ती घेऊच नकोस. बेअरिंगवर एबेक ७, एबेक ९ असे आकडे मिरवतात, त्याकडे लक्ष देऊ नकोस. तो घडणीच्या अचूकपणाचा आकडा आहे, मिरामारच्या वाळूपुढे सगळे सारखेच.

ब्रेकचं मात्र सविस्तर सांगतो. मागच्या चाकावरच्या मडगार्डवर टाच दाबायची, हा मुख्य ब्रेक. कोरड्या सपाट रस्त्यावर तो पुरतो. उतारावर पुरत नाही, आणि ओल्या चाकावर तर जवळजवळ काहीच करत नाही. म्हणून हातब्रेक असलेली घे. हातब्रेक पुढच्या चाकाला असला तर तो आवळताना शरीर मागे ने आणि गुडघे वाकव. आल्तिनो टेकडीचा उतार स्कूटरवरून कधीही उतरायचा नाही. हे मित्र म्हणून बजावतो आहे.

चालवायला शिकणं अवघड नाही, पण पाय बदलायला पहिल्या दिवसापासून शीक. सगळे एकाच पायानं ढकलतात, आणि मग आठवड्यात उभ्या पायाचा खुबा दुखायला लागतो. आठ-दहा ढकली झाल्या की पाय बदल. उभा पाय फळीच्या पुढच्या भागात, बोटं सरळ पुढे. ढकलणारा पाय त्याच्या शेजारी अलगद टेकव आणि कमरेपासून मागे ने. नुसत्या पोटरीनं ओढू नकोस. नजर पायाकडे नाही, दहा-बारा पावलं पुढे, कारण सुपारीएवढा खडासुद्धा चाक थांबवू शकतो. पातळ, सपाट तळव्याचे बूट घाल. जाड तळव्यानं फळीची उंची वाढवल्यासारखंच होतं, आणि चप्पल तर नकोच. डोक्यावर सायकलचं हेल्मेट हवं. इंजिन नाही, त्यामुळे परवाना किंवा नोंदणी लागत नाही, पण डोकं तुझंच आहे.

तुझा रस्ता पणजीतला सगळ्यात सुंदर रस्ता आहे. पाटोवरून खाडी ओलांड, आदिलशहाच्या राजवाड्यापाशी मांडवीच्या कडेला लाग, आबे फारियाच्या पुतळ्यावरून बेतीच्या फेरीचा धक्का मागे टाकून सरळ कला अकादमीकडे. सगळं सपाट. वाहनांच्या रांगेत शिरू नकोस. कडेच्या पदपथावर माणसं असली की चालायच्या वेगानं जा, आणि जिथे खोदकाम चालू असेल तिथे स्कूटर हातात घे. वीस मिनिटांच्या आत पोचशील, आणि तेही नदीकडे बघत. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाला ही वीस मिनिटं काय देतात ते तुला मी सांगून कळणार नाही. मला संध्याकाळी घरी आल्यावर चिडचिड होत नाही, एवढं मात्र बायकोनंही कबूल केलं आहे. रविवारी घडी करून फेरीत चढ, पलीकडे बेतीला उतर. पायी माणसाला तिकीट नाही.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत स्कूटर घरात ठेवायची. भरीव चाकं ओल्या लादीवर आणि रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर सरळ घसरतात. तेवढे महिने छत्री आणि पायलट. खाऱ्या हवेत अॅल्युमिनियमची फ्रेम टिकते, पण लोखंडी स्क्रू गंजतात. आठवड्याला कोरड्या फडक्यानं पूस, बेअरिंगला थेंबभर हलकं तेल दे, आणि स्क्रू ढिले झाले आहेत का बघ. बाकी तिला काही लागत नाही.

काही विकत घेण्याआधी येत्या शनिवारी सकाळी इकडे ये. माझी स्कूटर घे आणि कांपालच्या बागेच्या कडेनं दोन्ही पायांनी चालवून बघ. तुझी उंची माझ्याहून चार बोटं जास्त आहे, तेव्हा हँडल कुठवर लागतं ते तिथेच कळेल. बूट घालून ये, आणि लवकर ये, ऊन चढायच्या आत. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
विनू