रथाला आलेल्या पोरा, मशीन अजून चालू आहे

अरे बाळा, तुझं नाव इथं लिहीत नाही, तुला आवडणार नाही माहितीय, पण ज्याला कळायचं त्याला कळेल. गणपतीत तासगावचा रथ बघायला आलेलास, मावशीच्या बचत गटाच्या पावत्या छापून घ्यायला माझ्या डीटीपीच्या, म्हणजे पत्रिका जुळवून छापायच्या, दुकानात शिरलास, पाच मिनिटांचं काम म्हणून, आणि मग तीन संध्याकाळी तिथंच बसलास. तेव्हा गर्दीत नीट आभार मानायचेच राहिले, नुसतं "ये रे परत" म्हणलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळले. ते मनाला लागून राहिलंय, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

बाकी वाचणाऱ्यांसाठी सांगते, माझं मशीन २०१० साली असेंबल करून घेतलेलं. कोअर टू ड्युओ प्रोसेसर, २ जीबी रॅम, विंडोज ७ आणि तेही ३२ बिट. मागं प्रिंटरच्या जुन्या २५ पिनांच्या पोर्टला एक डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअरची चावीच, लावलेलं, मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं, ते काढलं की मराठी उमटतच नाही. आणि त्याच्या जोडीला पानं जुळवायचं पेजमेकर ७, म्हणजे २००१ सालचं. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, वर्षश्राद्धाची पत्रं, बेदाण्याच्या बॉक्सची लेबलं, माझं पंधरा वर्षांचं सगळं काम त्यात. हसू नका, आमच्या लाईनीत अजून कितीतरी जणांचं असंच आहे. नवीन कॉम्प्युटरला ते पोर्टच नसतं. यूएसबीतून ते पोर्ट काढायची केबल मिळते म्हणून मी हौसेनं मागवली, तर ती नुसती प्रिंटरपुरती, डोंगलला ती विचारतच नाही, साडेचारशे रुपये पाण्यात.

तर त्या दिवशी तुझी फाईल मेलवरून काढायला गेले आणि नेहमीसारखं आलं, कनेक्शन सुरक्षित नाही. मी म्हणलं थांब रे, हे असंच करतं, दोन-तीनदा दाबलं की उघडतं कधी कधी. तुझ्याआधी ज्याला ज्याला दाखवलं त्यानं लांबूनच सांगितलेलं, काकू हे भंगारात द्या, नवीन घ्या, पस्तीस-चाळीस हजारात येतंय. जणू काय माझ्याकडं झाडाला लागलेत. तू पहिला माणूस, ज्यानं विचारलं, "काकू, ह्याच्यावर तुम्ही दिवसभर काय काय करता?" आणि मी सांगत बसले ते ऐकूनही घेतलंस, म्हणजे मध्येच मोबाईल न बघता.

मग खाली उजव्या कोपऱ्यात बघून म्हणालास, "लाईट गेली की तारीख मागं जाते का?" आता आमच्याकडं लाईट रोजचीच जाते आणि तारीख रोजचीच मागं जाते, कधी मी सकाळी नीट करते, कधी विसरते, त्यात काय एवढं. तर मशीनच्या मते त्या दिवशी २००९ चा जानेवारी चालू होता! तू समजावलंस की प्रत्येक साईटचं एक सर्टिफिकेट असतं, त्यावर कधीपासून कधीपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं, आणि २००९ मध्ये बसलेल्या मशीनला २०२५ चं सर्टिफिकेट दाखवलं तर ते म्हणणारच की हे तर अजून सुरूच झालेलं नाही. मला एकदम पटलं, कारण पत्रिकेत साल चुकलं तर काय होतं ते माझ्यापेक्षा कुणाला जास्त माहीत. लाईट गेल्यावर घड्याळ चालू ठेवणारा बोर्डावरचा सीआर २०३२ नावाचा चपटा सेल संपलेला. घड्याळाच्या दुकानातून ४० रुपयांना आणलास. वर्षभर मी व्हायरस व्हायरस करत होते आणि निघाला सेल.

सेल बसवून मी लगेच म्हणलं आता पुढचं कर, तर तू म्हणालास आधी कॉपी. तेव्हा खरं सांगू, मला थोडा रागच आला, गिऱ्हाईक उभं होतं. पण तू क्लोनझिला का काय ते पेनड्राईव्हवरून चालू केलंस आणि आख्खी डिस्क जशीच्या तशी तुझ्या बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवून घेतलीस, सव्वादोन तास, आणि त्यातली एक प्रत नंतर मला दिलीस. पंधरा वर्षांत माझ्या मशीनचा बॅकअप पहिल्यांदा झाला तो त्या दिवशी.

ब्राउझरचं तर मला माहीतच नव्हतं. माझं क्रोम १०९ वर अडकलेलं, आणि मला वाटायचं नेट स्लो आहे. विंडोज ७ साठी क्रोमनं फेब्रुवारी २०२३ मध्येच नवीन द्यायचं बंद केलं होतं, आणि खुद्द विंडोज ७ चा मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट तर जानेवारी २०२० मध्येच संपलेला. तू फायरफॉक्सचं ११५ ईएसआर, म्हणजे जास्त मुदत चालणारं, टाकलंस. ते जुलै २०२३ चं, त्यात नवीन नखरे येत नाहीत पण सुरक्षेची डागडुजी येत राहते, आणि जुन्या विंडोजवाल्यांसाठी त्याची मुदत मोझिलानं एकदा नाही, परत परत वाढवलीय. शिवाय ते सर्टिफिकेटांचं गाठोडं स्वतःचं स्वतः घेऊन येतं, विंडोजच्या जुन्या गाठोड्यावर अवलंबून राहत नाही, हे तू सांगितलेलं मी आता सगळ्यांना सांगते, अर्धं कळून.

काही इन्स्टॉलर मात्र सुरूच होईनात. तेव्हा ते सह्यांचं प्रकरण निघालं, म्हणजे फाईल खरी आहे हे सांगणारी डिजिटल सही. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं अपडेटवर नुसती एसएचए-२ नावाच्या नव्या पद्धतीची सही ठेवली, आणि ती सही ओळखायला जुन्या विंडोज ७ ला आधी शिकवावं लागतं. म्हणजे तलाठी ऑफिसात शिक्का बदलला आणि आमच्या क्लार्कला कुणी कळवलंच नाही, तसं. ते दोन अपडेट मायक्रोसॉफ्टच्या कॅटलॉगवर अजून मिळतात, मी डायरीत उतरवून घेतलेत, आधी केबी ४४९०६२८, मग केबी ४४७४४१९, आणि त्याच्याही आधी सर्व्हिस पॅक १ पाहिजे. आमच्या शेजारच्या झेरॉक्सवाल्याला ह्याच डायरीवरून करून दिलं मी, एकटीनं! त्याचे पेढे तुझ्या वाटचे मी खाल्ले.

पीडीएफला तू सुमात्रा टाकलंस, केवढंसं ते, आणि डबल क्लिक केलं की उघडतं, पूर्वी मी तोपर्यंत चहा करून यायचे. तीन टूलबार आणि एक "ड्रायव्हर अपडेट करा" म्हणून पैसे मागणारं भूत काढलंस. ते कुणी टाकलेलं ते मी सांगणार नाही. (मीच.)

पण तुझं मला सगळ्यात काय आवडलं तर तू खोटा दिलासा दिला नाहीस. दोन्ही हात जोडून सांगितलंस की काकू, ह्या विंडोजवर बँक नाही, आधार नाही, काही झालं तरी नाही, ब्राउझर नवीन असला तरी खालचं घर जुनंच आहे. मग माझ्याकडं पडलेल्या दुसऱ्या डिस्कवर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टीम, टाकलंस, रॅम ४ जीबी केलीस, आता मशीन चालू होताना विचारतं कुठलं पाहिजे, आणि मी नेटचं काम मिंटवर, पत्रिका विंडोजवर. आधी तू मिंटवरच डोंगल चालतंय का बघायला रात्री दहापर्यंत बसलेलास, नाही चाललं, तर तुझं तोंड एवढंसं झालं, जसं काय तुझंच दुकान आहे.

आता एक तक्रार. तो इनस्क्रिप्ट कीबोर्ड, युनिकोड मराठीची कळपट्टी. साप्ताहिकवाले आता मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येईल असा, मागतात, आणि जुन्या फॉन्टमधून कन्व्हर्ट केला की ऱ्हस्व वेलांटी पळून जाते, कारण आमच्या जुन्या फॉन्टात ती अक्षराच्या आधी टाईप करतात, दिसते तशी, आणि युनिकोडात अक्षराच्या नंतर. रफाराचे हाल तर विचारूच नको. म्हणून तू म्हणालास सरळ इनस्क्रिप्ट शिका. बाळा, माझी बोटं टाईपरायटरच्या कळपट्टीवर तयार झालेली आहेत, मराठी ४० ची परीक्षा दिलीय मी. तरी शिकतेय, रोज अर्धा तास, बोटं मला शिव्या देतात.

आणि बघ, १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा पण सपोर्ट संपला. आता जे मला भंगारात द्या म्हणत होते तेच विचारायला येतात, काकू आमच्या मशीनला ११ चालत नाही म्हणतंय, टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप पाहिजे म्हणतंय, काय करायचं. मी त्यांना खुर्ची देते आणि पहिलं विचारते, तुम्ही दिवसभर ह्याच्यावर काय काय करता?

पैसे तू घेतले नाहीस, सेलचे ४० रुपये तेवढे मोजून घेतलेस, रॅमचे पण नाही. दोन किलो बेदाणे मावशीकडं दिलेत, पोचले का कळव. फायरफॉक्स बंद होईल तेव्हा सुपरमियम, म्हणजे जुन्या विंडोजवर चालणारा क्रोमसारखा ब्राउझर, टाकायचं म्हणालेलास, तेही डायरीत आहे. पण डोंगलला दुसरा पर्याय नाही हे तूच सांगितलंस, ते कधी जाईल सांगता येत नाही. तेव्हा तुझी पत्रिका मी फुकट करून देणार आहे, गणपतीच्या चित्रासकट, फक्त जरा लवकर जमव काहीतरी.

तुझी,
स्टँडसमोरची डीटीपीवाली काकू