परस्पर बंद करू नकोस

चि. अभिजित,
अनेक आशीर्वाद.

काल तू म्हणालास, "आई, आता मी ठणठणीत आहे, गोळ्या सोडल्या," आणि माझा आवाज चढला. तू फोन ठेवलास. मला एवढंच विचारायचं होतं, नैराश्यावरच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून सोडल्यास की परस्पर?

आषाढात आला होतास, तेव्हा पांढरा रस्सा वाटीतच गार झाला, वर तवंग थिजला, तरी तुझा हात ताटाकडे गेला नाही. तोच तू परवा तासभर खासबागेतल्या कुस्तीवर बोलत होतास. फोन ठेवल्यावर मी देवापुढे साखर ठेवली. औषध घ्यायला तू स्वतःहून गेलास, घरातल्या कुणाला जमलं नव्हतं ते. बापूकाकांना तर नाहीच. त्यांनीही बरं वाटल्यावरच सोडल्या होत्या रे.

जन्मभर बारावीला जीवशास्त्र शिकवलं, म्हणून सांगते. गोळीने मेंदूतलं सेरोटोनिन हे निरोप्या रसायन काही तासांतच वाढतं, मन हलकं व्हायला मात्र आठवडे लागतात. तो वेळ चेतापेशीच्या आत, जनुकांपाशी जातो. डीएनए हिस्टोन प्रथिनांवर रिळावरच्या दोऱ्यासारखा गुंडाळलेला असतो. जिथे तो घट्ट, तिथलं जनुक पेशीला वाचता येत नाही. 2006 साली अमेरिकेत एरिक नेस्लर यांच्या गटाने उंदरांवर काम केलं. दहा दिवस रोज दांडगट उंदराकडून मार खाल्लेल्या उंदरांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात बीडीएनएफचं जनुक दबलं. चेतापेशींना जगवणारं, त्यांचे नवे जोड घडवणारं प्रथिन ते. छळ थांबून महिना झाला तरी जनुकावरच्या त्या रासायनिक खुणा गेल्या नव्हत्या. महिनाभर रोज इमिप्रामिन हे नैराश्यावरचं औषध दिल्यावर जनुक पुन्हा बोलू लागलं. पण जुन्या खुणा पुसल्या नाहीत, अभि. त्या होत्या तिथेच राहिल्या. औषधाने जनुक मोकळं करणाऱ्या दुसऱ्या खुणा वाढवल्या, इतकंच. उंदरांचं माणसाला जसंच्या तसं लागू होत नाही, हे मलाही कळतं. तरी ते वाचलं आणि माझा जीव तुझ्यात अडकला. बरं वाटतंय म्हणजे आतलं सगळं मिटलं, असं कसं धरून चालायचं?

म्हणूनच बरं वाटू लागल्यावरही डॉक्टर सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवतात, आणि मग हळूहळू कमी करतात. एकदम तोडली तर चक्कर येते, झोप उडते, डोक्यात करंट बसल्यासारखं होतं. तुला असं काही होतंय का? खरं सांग.

पुन्हा वर्ग घेतला, माफ कर. तू मोठा झालायस, तुझं तुला कळतं. लहानपणी गंगावेशीत बापूकाकांच्या खांद्यावर बसून धारोष्ण दूध प्यायचास, ओठावरचा फेस पुसू द्यायचा नाहीस. तो खांदा पुढे कसा झुकला, ते तू पाहिलंस. मला आणखी एकदा बघवणार नाही.

गोळी नको वाटत असेल तर तसं डॉक्टरांना सांग, ते दुसरा मार्ग काढतील. पण परस्पर नको. उद्या सकाळीच त्यांना फोन कर आणि शनिवारची वेळ मिळते का बघ. मी शनिवारी कोयनेने निघते. तू म्हणालास तरच तुझ्याबरोबर आत येईन, नाहीतर बाहेर बाकावर बसेन. भडंग आणते, वहिनींनी लोणचंही दिलंय. बाबांना अजून काही बोलले नाही, तुला सांगायचं असेल तेव्हा तूच सांग.

तुझी,
आई