पणजीचा पहिला मुलगा

मुंबई,
रविवार, रात्री

प्रिय मित्रा,
स. न. वि. वि.

पणजीच्या पहिल्या मुलाचं काही सापडलं का, असं तू विचारलं होतंस. त्याचं नाही सापडलं. पण शोधता शोधता १९२१ सालचे मुंबईचे आकडे हाती लागले आणि ते काही केल्या डोक्यातून जाईनात.

त्या वर्षी शहरात नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे साडेसहाशेहून अधिक बाळं वर्षाच्या आत गेली. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात हे प्रमाण ३२२, तीन खोल्यांत १९१, चार किंवा अधिक असतील तर १३३. आणि एकाच खोलीत? ८२८! शहरातली जवळजवळ दोन तृतीयांश माणसं तेव्हा अशाच एका खोलीत राहत होती. पणजोबांची परळची खोली त्यातलीच.

आता यातली मेख ऐक. पणजी पहिलटकरीण, म्हणून सातव्या महिन्यात बोटीने रत्नागिरीला माहेरी गेली. बाळ तिकडे झालं. तीन महिन्यांचं झाल्यावर ती त्याला घेऊन परळला परतली आणि पावसाळ्यात ते गेलं. म्हणजे जन्म गावच्या दप्तरात, मृत्यू मुंबईच्या. मृत्यू भागिले जन्म या भागाकारात ते बाळ वर आहे, खाली नाही. अशा हजारो कोकणी, घाटी बायका होत्या, म्हणून ८२८ हा आकडा फुगलेला आहे. तेव्हाच्या जाणकारांनीही हे नोंदवलं होतं.

पण म्हणून तो खोटा ठरवायला माझं मन तयार नाही. बाळ जन्मलं कुठेही असो, गेलं त्याच खोलीत. धूर, ओल, आणि आई दिवसभर गिरणीत. कामावर जाताना अफूची बाळगोळी चाटवायची, म्हणजे ते निजून राहायचं. आजी हे सांगताना आवाज अगदी खाली आणायची. पणजीला मी कसा दोष देऊ? खाडा झाला की पगार कापला जायचा. बाळंतपणाचा भत्ता देणारा मुंबईचा कायदा आला १९२९ साली, तोवर पणजीची सगळी बाळंतपणं उरकली होती.

तू गणपतीला रत्नागिरीला जाशील, तेव्हा एक काम कर. तहसील कचेरीत पणजीच्या माहेरच्या गावचा नमुना नंबर १४, म्हणजे जन्ममृत्यूच्या नोंदींचं कोतवाल बुक, बघायला मिळतं का विचार. १९२० आणि २१, दोन्ही वर्षं बघ. बाळाचं नाव नसेलच, बापाच्या नावापुढे नुसतं ‘मुलगा’ लिहिलेलं असेल. सापडलं तर नक्कल काढून आण. आमच्या घरात त्याचा दुसरा काहीच कागद नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
बाळ्या