डायरीच्या मागच्या पानावर

फ्रेस्नो, रविवार रात्र

ती. आई-बाबांना सा. न.,

परवा बाबांनी फोनवर विचारलं, "तुझ्या नर्सिंग होममधल्या म्हाताऱ्यांना भेटायला येतं का गं कुणी?" मी विषय बदलला. येतात, बऱ्याच जणांकडे येतात. पण माझ्याकडच्या एका आजींच्या फाइलीत 'जवळची व्यक्ती' या रकान्यात नुसती आडवी रेघ आहे. नवरा गेला, मूलबाळ नाही, मैत्रिणी यांच्याआधीच गेल्या. आता स्मृतीही गेली.

इथे दर तीन महिन्यांनी प्रत्येकाच्या देखभालीची बैठक होते. घरची माणसं येतात, आमच्याशी भांडतात. आजींच्या बैठकीत भांडायला कुणी नाही. उपचारांना संमती कोण देणार, यासाठी कॅलिफोर्नियात 1992 पासून कायदा आहे: डॉक्टर, नर्स आणि इतर कर्मचारी मिळून ठरवतात. त्यावरून कोर्टात वाद झाला, म्हणून हल्ली बाहेरचा एक प्रतिनिधीही लागतो. बरंच झालं. आम्हीच ठरवणार आणि आम्हीच करणार, हे मला कधी पटलं नव्हतं.

तर औषधाचं ठरतं. नाश्त्याचं काय? दोन आठवडे आजी ओटची लापशी थुंकत होत्या. आम्ही गोड करून पाहिली, पातळ करून पाहिली. मग रात्रपाळीच्या फिलिपिनो मावशींच्या हातून टोस्ट कॉफीत पडला आणि आजींनी तोच उचलून खाल्ला. आई, अगदी तुझ्या खारीसारखा! आता फाइलीत लिहून ठेवलंय. ज्यांचा इथला खर्च सरकारी योजना उचलते, त्यांच्या हाती स्वतःच्या मिळकतीतले महिन्याला 35 डॉलर उरतात, आजींचे तेही साचून राहतात. काय आणायचं, हे विचारायचं कुणाला?

म्हणून एक काम सांगते. बाबा, डायरीच्या मागच्या पानावर तुम्ही पॉलिसीचे नंबर लिहिता ना, त्याखाली आईच्या आवडीनिवडी लिहा. कुठल्या कुशीवर झोप लागते, कशाच्या वासानं मळमळतं, कुठला अभंग लावला की गप्प बसून ऐकते. आणि आई, तू बाबांचं लिही. स्वतःचं लिहायला सांगितलं तर दोघंही 'मला काहीही चालतं' लिहून मोकळे व्हाल. फोटो काढून पाठवा.

तुमची,
छकुली

ता. क. बाबांच्या चहात साखर किती, तेही लिही आई. खरी. डॉक्टरांना सांगतात ती नको.